सड्यावर "काहीच नाही" म्हणणारा खाणीचा अहवाल : जनसुनावणीआधी काय करता येईल?

खालची_वाडी
18 मे, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. गाव राजापूर तालुक्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, भावाला तिथेच राहायचंय. मी नोकरीसाठी ठाण्याला.

आमच्या वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळाच्या पठारावर, बॉक्साइटची खाण प्रस्तावित आहे. जनसुनावणी 24 जूनला. ग्रामपंचायतीत पर्यावरण आघात अहवालाची प्रत ठेवलीय, भावाने पानांचे फोटो काढून पाठवले. मूळ अहवाल इंग्रजीत, उशीला घ्यावा एवढा जाड. मराठी सारांशात झाडं-प्राण्यांना दीड पान. त्यात म्हटलंय की खाणीची जागा खडकाळ व ओसाड आहे, तुरळक गवत आणि झुडपं आहेत, संकटग्रस्त किंवा प्रदेशनिष्ठ (फक्त याच भागात होणारं) असं काहीही आढळलं नाही. तक्त्यात सस्तन प्राणी कोण, तर गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, वानर, मुंगूस. पक्ष्यांत कावळा, चिमणी, साळुंकी, बगळा. पाहणीचा काळ मार्च ते मे.

आता मार्च ते मे मध्ये तुम्ही आमच्या सड्यावर गेलात तर तुम्हीही हेच लिहाल. चपलेचा तळ चिकटेल इतका कातळ तापलेला असतो. (तरी टिटवी कशी सुटली कळत नाही, ती तर उन्हाळाभर ओरडून डोकं खाते.) पण मृगाचे दोन पाऊस झाले की तोच सडा ओळखू येत नाही. आजी मला फोडशीची रानभाजी काढायला वर न्यायची. कातळाच्या भेगांतून पांढऱ्या फुलांचे दांडे वर आलेले असायचे, वास छान. आम्ही त्याला "वरचं फूल" म्हणायचो, दुसरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. पुढे श्रावणात बारक्या तळ्यांच्या काठाने निळ्या-जांभळ्या ठिपक्यांचा सडा, म्हणजे सड्यावर सडा.

हे सगळं "ओसाड" कसं? आणि मी वनस्पतीशास्त्रातला कुणी नाही, तर माझं म्हणणं सुनावणीत कोण ऐकणार? मार्गदर्शन करा.

चाकरमानी_दादर
18 मे, रात्री 10:05

वाचतोय. आमच्याकडेही हीच गत होती. धागा वर राहू दे.

फोडशी
18 मे, रात्री 11:20

खालची_वाडी, माझ्या नावावरून कळलंच असेल की मी या धाग्यावर येणारच. वनस्पतीशास्त्र शिकवते, पंधरा वर्षं पावसाळ्यात सडे तुडवतेय.

तुमचं "वरचं फूल" वर्णनावरून दीपकाडी वाटतंय. शास्त्रीय नाव दीपकाडी कोंकणेन्से. जगात फक्त कोकणच्या या पट्ट्यातल्या जांभ्याच्या सड्यांवर होते. राजापूर तालुक्यातल्याच देवाचे गोठणेच्या सड्यावरची दीपकाडी अनेकांनी पाहिलीय. जमिनीत कांदा, पहिल्या पावसाबरोबर पात आणि दांडा, फुलं थोडे दिवस टिकतात आणि मग वर काही उरत नाही. वर्षातले दहा महिने ती तुमच्या पायाखाली असते आणि दिसत नाही. मार्चमध्ये आलेल्या माणसाला ती दिसणं शक्यच नाही, त्याने कितीही प्रामाणिकपणे शोधली तरी.

निळे-जांभळे ठिपके म्हणजे सीतेची आसवं. ही कीटकभक्षी. जमिनीतल्या मुळांसारख्या तंतूंवर सूक्ष्म फुगे असतात, त्यात पाण्यातले जीव ओढले जातात. शेजारी पांढरे गोल गेंद असतील, आणि नीट वाकून बघितलंत तर लालसर दवबिंदूही. जिथे मातीत पोषण नाही तिथेच ही मंडळी रमतात, म्हणून कातळावर.

आता मुख्य मुद्दा. 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार आधारभूत माहिती साधारण एका हंगामाची गोळा करतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. हवेतली धूळ मोजायला ते ठीक आहे, पावसात धूळ कुठली? पण तोच नियम झाडांना लावला की सड्यावरची निम्मी-अधिक जीवसृष्टी कागदावरून आपोआप गायब. कुणी खोटं बोलायचीही गरज नाही. तुमची सुनावणीतली पहिली मागणी हीच ठेवा: जून ते सप्टेंबरमध्ये फेरपाहणी. "खाण नको" हे तुमचं मत झालं, "पाहणी चुकीच्या महिन्यात झाली" ही त्रुटी झाली. मताची नोंद होते, त्रुटीला उत्तर द्यावं लागतं.

दगडी_पाटी
19 मे, सकाळी 7:50

मी या धंद्याच्या आतला. सल्लागार संस्थेत काही वर्षं होतो, कुठली ते विचारू नका. जीवसृष्टीच्या प्रकरणाला आमच्याकडे तीन दिवस मिळायचे, त्यातला एक प्रवासात. मुक्काम तालुक्याच्या लॉजवर. एक तयार यादी असायची, आंबा-फणस-काजू-ऐन-किंजळ, कोकणात कुठेही चालते. साइटवर जाऊन त्यातलं काय नाही ते खोडायचं. भर घालायला वेळही नसायचा आणि ओळखणारा माणूसही. एकदा मी हौसेने बेडकांची पाच नावं टाकली, तर साहेब म्हणाले, "कशाला वाढवतोस, मंजुरीच्या समितीने विचारलं तर उत्तर तू देणार का?"

तुमच्या हातात असलेल्या अहवालात हे तपासा:

गाभा क्षेत्राची, म्हणजे खाणीच्या जागेची, आणि 10 किलोमीटर त्रिज्येच्या परिसराची यादी वेगळी दिलीय की एकत्र? एकत्र असेल तर खाणीच्या जागेवर नक्की काय आहे हे कुणालाच कळणार नाही, आणि तेच हवं असतं. मग नमुना चौकटी (झाडं मोजायला जमिनीवर आखलेले चौरस) किती टाकल्या आणि त्यांचे अक्षांश-रेखांश आहेत का ते बघा. ते गूगल नकाशावर टाका. मी एकदा टाकले होते, दोन चौकटी खाडीत निघाल्या. पाहणी करणाऱ्याचं नाव आणि तो कोणत्या विषयाचा मान्यताप्राप्त तज्ज्ञ आहे तेही अहवालात द्यावं लागतं. आणि यादीत तुमच्याकडे कधीच न दिसणारी झाडं आहेत का? असली तर तो मजकूर दुसऱ्या अहवालातून आलाय.

हे शेवटचं विनोदी वाटेल, पण रत्नागिरी जिल्ह्यातल्याच एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर उचललेला सापडला होता. स्प्रूस आणि बर्चची जंगलं! कोकणात! तेव्हा पेपरांत गाजलं होतं.

टवाळ_टिटवी
19 मे, सकाळी 8:30

स्प्रूसच्या सावलीत बसून आंबोळ्या खाव्या म्हणतो. गाडी कुठून सुटते?

डंपरवाला
19 मे, दुपारी 1:15

सगळ्यांचं वाचलं. आता माझं पण ऐका. मी त्याच तालुक्यातला. स्वतःचा डंपर आहे, त्यावर हप्ता आहे. गावात तरुण पोर शोधून सापडत नाही. काजूच्या बीला भाव नाही, आंब्याचं दर वर्षी वेगळं रडगाणं. खाण आली तर दोनचार वर्षं तरी चाक फिरेल. फुलं बघायला तुम्ही जूनमध्ये ठाण्याहून येणार, सेल्फी काढणार आणि जाणार. बाकी अकरा महिने आम्ही तिथे काय खायचं?

आणि एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या घराच्या भिंतीचा चिरा कुठून आला?

खालची_वाडी
19 मे, रात्री 9:10

राग नाही. चिरा शेजारच्या गावच्या खाणीतून आला, 1990 च्या सुमारास, बैलगाडीने. ती खाण आता पाण्याने भरलेला चौकोनी खड्डा आहे, गुरं पडू नयेत म्हणून भोवती काटी लावलीय. तुमचा मुद्दा खोटा नाही. मीही ठाण्याहूनच बोलतोय हे मान्य. पण अहवालात काय खरं ते लिहावं एवढं तर दोघांनाही पटावं ना? मग खाण होवो न होवो.

हापूस_आणि_मी
20 मे, सकाळी 6:35

डंपरवाल्यांची बाजू थोडी घेतो. सडे फक्त खाणीने जात नाहीत. आम्ही बागायतदारांनीही फोडलेत. सुरुंग लावून कातळात खड्डे, त्यात बाहेरची माती, त्यात कलम. माझ्या वडिलांनी तसंच केलं, मी त्यावरच जगतोय. शिवाय उन्हाळ्यात गवताला आग लावायची सवय. सातबाऱ्यावर सडा म्हणजे "पोटखराब". ज्या जमिनीचं नावच खराब, तिला वाचवायला कोण येणार?

तिलारीकाठ
20 मे, सकाळी 11:00

मी दोडामार्ग तालुक्यातलो. आमका हो अनुभव जुनो आसा. कळण्याच्या खाणीचा नाव सगळ्यांनी ऐकला असतला. जुलै 2021 मध्ये थय पावसात खाणीतला पाणी फुटान चिखल खालच्या वाडीत, बागायतीत इलो. अहवालात ह्या खय होता? "पाण्यावर परिणाम नगण्य" असाच काय तरी असता.

पण एक चांगली गोष्टय सांगतंय. सावंतवाडी-दोडामार्ग हो वाघाचो भ्रमणमार्ग म्हणान लोक उच्च न्यायालयात गेले. 2013 पासून थय झाडतोडीक बंदी इली, आणि मार्च 2024 मध्ये न्यायालयान 25 गावा पर्यावरण संवेदनशील जाहीर करूक सांगल्यान. ह्या झाला ता कित्याक? वाघाचे फोटो होते, ठशे होते, तारखेसकट नोंदी होते. भाषणा नाय. तुमच्याकडे वाघ नसलो तरी नोंदी करूक कोण आडवता?

फोडशी
20 मे, दुपारी 3:40

तिलारीकाठ, अगदी. तुमच्या शेजारचंच उदाहरण देते: हेवाळे-बांबर्डेची जायफळवर्गीय झाडांची दलदल. आकाराने अगदी छोटी, तीन हेक्टरही नाही. पण कुणीतरी चिखलात उतरून झाड ओळखलं, मोजलं, लिहून काढलं, म्हणून तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. देवराई म्हणून लोकांनी ती आधीच राखलेली होती हेही आहेच.

सड्याचं दुखणं असं की तिथे वाघ नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी खाणीच्या जागेत आढळला तर त्यासाठी वेगळा संवर्धन आराखडा, त्याला पैशाची तरतूद, हे सगळं द्यावं लागतं. वनस्पतींची अनुसूची मात्र फार तोकडी आहे, सड्यावरच्या फुलांना तिचा उपयोग नाही. म्हणून "कायद्याने संरक्षित प्रजाती नाहीत" हे अहवालातलं वाक्य खरं असूनही फसवं असतं. संकटग्रस्त आणि कायद्याने संरक्षित या दोन वेगळ्या याद्या आहेत. तुमच्या अहवालात दोन्ही तपासल्यात का बघा.

सरपोळ
20 मे, रात्री 11:50

रात्रीची वेळ माझी, म्हणून रात्रीचंच बोलतो. अहवालात सरपटणाऱ्यांत सरडा, पाल, धामण एवढंच असणार, पैज लावतो. "पाल" म्हणजे कुठली पाल?

जांभ्याच्या सड्यावर एक पाल आहे, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस, अंगावर पांढरे आडवे पट्टे. 1963 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून तिची नोंद झाली. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती "असुरक्षित" गटात आहे. बोटाएवढी असते. भिंतीवर चढत नाही, सड्यावरच्या सुट्या दगडाखाली राहते. माणसाच्या दृष्टीने दगड, तिच्या दृष्टीने घर, गोठा आणि प्रसूतिगृह. खाण सुरू होण्याच्या कितीतरी आधी, जागा "साफ" करताना पहिल्या दिवशी जेसीबी जे दगड गोळा करतो, तेच हे.

बघायचं असेल तर अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन सावकाश चाला, बाहेर फिरताना दिसते. दगड उचललात तर दोन्ही हातांनी, तुमच्याकडे कलवून, म्हणजे आत फुरसं असलं तर दगड मध्ये राहतो. आणि दगड होता तस्साच, त्याच खाचेत परत. उलटा ठेवलात तर खालची ओल जाते, जागा वाया. हौशी मंडळींनी असे सडेच्या सडे उलटेपालटे केलेत, खाणवाल्यांना कशाला नावं ठेवायची. फुरशासाठी बूट हवेतच, चप्पल चालणार नाही.

खवले मांजराकडेही लक्ष ठेवा. ते सड्याच्या कडेला, उतारावरच्या वारुळांपाशी येतं. त्याने उकरलेली जागा, नखांच्या खुणा यांचे मोजपट्टी ठेवून फोटो काढा. ते पहिल्या अनुसूचीत आहे. पण नेमकं ठिकाण इथे किंवा व्हॉट्सअॅपवर टाकू नका, शिकारी वाचतात.

पाणक्या
21 मे, सकाळी 9:25

सगळे वरचं बोलताय, मी खालचं बोलतो. डंपरवाले, हे तुमच्यासाठी.

सडा म्हणजे पाण्याची टाकी आहे. वर जांभा, सच्छिद्र, भेगाळलेला. पाऊस त्यातून मुरतो. खाली शेडी, म्हणजे गुलाबी-पांढरी चिकण, ती पाणी अडवते. मग पाणी आडवं सरकत सड्याच्या कुशीतून झऱ्याने बाहेर येतं. त्या ओळीतच आपल्या वाड्या वसल्यात, कुणा नगररचनाकाराने आखून दिलेल्या नाहीत. बॉक्साइट जांभ्यातच असतं. ते काढायचं म्हणजे टाकीच फोडून न्यायची. फेब्रुवारीपर्यंत झिरपत राहणारं पाणी मग ऑगस्टमध्येच गढूळ होऊन वाहून जातं.

अहवालात "खाण भूजलपातळीच्या वर राहील, सबब परिणाम नाही" असं असेल. ते वाक्य बोअरवेलच्या पातळीबद्दल आहे. झऱ्याबद्दल विचारा. खाणपट्ट्याच्या खालच्या अंगाला झरे किती, प्रत्येकाचा मे महिन्यातला प्रवाह किती, त्यावर कुठली वाडी अवलंबून. आणि फक्त माणसं नाहीत, एप्रिलमध्ये रानातले प्राणी पाणी पितात ते त्याच झऱ्यांवर. म्हणजे पाण्याचं प्रकरण आणि प्राण्यांचं प्रकरण एकच, अहवालात ते शंभर पानं लांब ठेवलेले असतात एवढंच.

डंपरवाला
21 मे, रात्री 8:00

हे पाण्याचं आधी कोणी असं सांगितलं नव्हतं. माझं घर खालच्या अंगालाच आहे. तरी मी सुनावणीत खाणीच्या बाजूनेच बोलणार, आधीच सांगतो. पण झऱ्याचं लेखी घेतल्याशिवाय नाही.

दगडी_पाटी
22 मे, सकाळी 7:30

सुनावणीचे बारकावे, कारण लोक इथेच चुकतात. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करतं, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या खाली नसलेला अधिकारी. निदान 30 दिवसांची नोटीस, वर्तमानपत्रात जाहिरात. कोरम नावाची गोष्ट नाही, म्हणजे बहिष्कार टाकून घरी बसलात तरी सुनावणी झालीच असं धरतात. हे गावात ओरडून सांगा.

लेखी निवेदन आधीच द्या, पोच घ्या. तोंडी पाच मिनिटांत पाल आणि फूल आणि झरा बसत नाही. शेवटी कार्यवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं, मग अध्यक्षांची सही. लोक भाषण ठोकून चहाला जातात आणि वाचन रिकाम्या मांडवापुढे होतं. थांबा. तिथेच दुरुस्ती सांगता येते. आणि मंजुरी मिळालीच तर हरित लवादात अपील 30 दिवसांत, सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात. तिथे तुमची ही पोच आणि हे कार्यवृत्तच कामाला येतं.

फोडशी
22 मे, दुपारी 2:10

आणि पाहणीची पद्धत, सोप्यात सोपी. नायलॉनच्या दोरीची मीटर बाय मीटर चौकट करा. मोबाइलचं लोकेशन चालू. चौकट टाकली की आधी तिचा वरून फोटो, मग आतल्या प्रत्येक फुलझाडाचे तीन: पूर्ण झाड, फूल समोरून, फूल बाजूने. शेजारी रुपयाचं नाणं. वहीत तारीख, वेळ, चौकटीचा क्रमांक, मोजणी. जिथे फुलं दाट आहेत तिथेच चौकट टाकायचा मोह होईल, टाळा. सरळ रेषेत दर पन्नास पावलांवर टाका, मग ती खडखडीत कातळावर पडली तरी लिहा "काही नाही". तुमचं "काही नाही" खरं असलं की "आहे" वर विश्वास बसतो.

एकही झाड उपटायचं नाही. दीपकाडीचा कांदा तर नाहीच.

ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असेलच. 2002 च्या कायद्याने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. ती बाहेर काढा. बहुतेक ठिकाणी तीसुद्धा कुणीतरी तालुक्यात बसून भरलेली असते, पण ती दुरुस्त करायचा अधिकार तुमचा.

अहवालातला भरपाईचा भाग कुणी वाचला का? खड्डा बुजवून वर वृक्षारोपण, बरोबर? ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुरू, काजू. मला हे वाचलं की हसावं की रडावं कळत नाही. सड्याची संपत्ती तिथे झाड नसण्यातच आहे. ऊन, उघडा कातळ, चार बोटं माती, चार महिने पाणी, यावर ही सगळी मंडळी घडली. वरचा कवच-जांभा लाखो वर्षांत झालेला. तो फोडून परत भरला की तो भराव होतो, सडा होत नाही.

चाकरमानी_दादर
22 मे, रात्री 10:30

अवांतर: सड्यावर कातळशिल्पं आहेत का? देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी, कशेळी ही 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तुमच्याकडे एखादं असेल तर तोही मुद्दा घ्या.

खालची_वाडी
22 मे, रात्री 10:50

एक चौकोन आहे, आत मासा की माणूस यावर गावात दोन पक्ष आहेत. फोटो काढतो.

अहवाल तपासला. चौकटी आठ. अक्षांश-रेखांश फक्त तिघींचे, त्यातली एक आमच्या शाळेच्या मैदानावर. गाभा आणि परिसर, दोन्ही याद्या एकत्रच. पाल नुसती "पाल". सरपोळ पैज जिंकले.

खालची_वाडी
13 जून, रात्री 8:20

उशिराबद्दल क्षमस्व. चार दिवसांची रजा काढून गावी आलोय. 8 तारखेला पाऊस लागला. काल आणि आज सड्यावर होतो, मी, भाऊ, भावाची मुलगी आणि शाळेतले एक गुरुजी.

काल सकाळी साडेसहाला वर पोचलो तेव्हा धुकं. पहिल्या दोन चौकटींत काही नाही. वही ओली होत होती, भाऊ वैतागला, "हेच लिहायला आलो होतो काय?" तिसऱ्या चौकटीत पुतणी ओरडली. भेगेत बोटभर माती, त्यातून तीन अरुंद पाती आणि टीचभरापेक्षा उंच दांडा, वर पांढरी फुलं, सगळ्यात वरची अजून कळीत. मी वाकून वास घेतला आणि आजीचीच आठवण झाली, दुसरं काही सुचलं नाही, नाणं ठेवायलाही विसरलो. परत फोटो काढावा लागला.

दोन दिवसांत चाळीस चौकटी. अकरांत ते फूल. उरलेल्यांत काय काय ते मला ओळखता येत नाही, फोटो फोडशी मॅडमना पाठवलेत. टिटवीची दोन पिल्लं कातळावर इतकी बेमालूम की भावाचा पाय पडता पडता राहिला. पट्टेवाली पाल काल रात्री एकदा दिसली. फोटो हलला. आज परत जाणार.

फोडशी
13 जून, रात्री 10:05

दीपकाडी कोंकणेन्सेच वाटतेय. फुलाच्या नळीची लांबी आणि पात्याची रुंदी मिलिमीटरमध्ये पाठवा, मग लेखी देते, माझ्या सहीने. सीतेची आसवं आणि गेंद यायला अजून वेळ आहे, म्हणून निवेदनात स्पष्ट लिहा की ही नोंद फक्त जूनच्या पंधरवड्याची आहे, ऑगस्टमध्ये यादी वाढेल. अपुरी आहे हे आपणच सांगितलेलं बरं.

आणि एक प्रश्न जरूर घाला: हा सडा गेला तर या फुलाचे उरलेले सडे किती, आणि त्यांतले किती आधीच खाणपट्ट्यांत किंवा बागांत गेलेत? प्रत्येक अहवाल आपापल्या चौकोनापुरतं बघून "परिणाम नगण्य" म्हणतो. दहा नगण्य मिळून किती होतात हे कुणाच्याच अहवालात नसतं.

सरपोळ
13 जून, रात्री 11:58

फोटो हलला तर मोबाइल दगडावर टेकवा. ती पळत नाही हो फार, तुम्हीच घाई करताय.

खालची_वाडी
25 जून, सकाळी 7:15

काल सुनावणी झाली. थोडक्यात लिहितो, गाडी पकडायचीय.

मांडव भरला होता. अर्धे बाजूने, अर्धे विरोधात, बरेचसे वड्यांसाठी. लेखी निवेदन 17 तारखेला दिलं होतं, पोच आहे. कंपनीच्या सल्लागाराने पडद्यावर सड्याचा एप्रिलमधला फोटो दाखवला. पुतणीने उभं राहून त्याच जागेचा 12 जूनचा फोटो ए-फोर कागदावर काढलेला होता तो अध्यक्षांकडे नेऊन दिला. काही बोलली नाही, घाबरली होती. गुरुजींनी शाळेच्या मैदानावरच्या चौकटीचं विचारलं. सल्लागार म्हणाले, टंकलेखनाची चूक. बरं.

डंपरवाले भेटले! खाणीच्या बाजूने बोलले, रोजगारावर, आणि चांगलं बोलले. मग झऱ्यांचा प्रश्न त्यांनीच विचारला. त्याला मिळालेलं उत्तर: "याबाबत अभ्यास करण्यात येईल."

कार्यवृत्त वाचताना आमचं सगळं "काही ग्रामस्थांनी फुलांबाबत मत मांडले" एवढ्यात उरकलं होतं. दगडी_पाटींनी सांगितलं म्हणून थांबलो होतो. हरकत घेतली. पंधरा मिनिटं गेली, पण "40 नमुना चौकटींच्या नोंदी, छायाचित्रे व पावसाळी फेरपाहणीची मागणी" असं घालून घेतलं, मग सही झाली. पुढे काय होतं ते मंजुरीच्या समितीत कळेल.

दगडी_पाटी
25 जून, सकाळी 8:40

कार्यवृत्ताची प्रत मागून घ्या, आजच. परिवेश पोर्टलवर (पर्यावरण मंजुरीचं सरकारी संकेतस्थळ) चढतं ते आणि मांडवात वाचलेलं ते एकच आहे का ताडून बघा.

डंपरवाला
25 जून, दुपारी 12:30

पाणक्या साहेब, ते अभ्यास करतील तेव्हा करतील. झऱ्याचा प्रवाह घरच्या घरी कसा मोजायचा?

पाणक्या
25 जून, दुपारी 1:05

पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ. झऱ्याच्या तोंडाशी पन्हळ लावा, केळीचा सोप चालेल, म्हणजे पाणी इकडेतिकडे जात नाही. बादली भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजून सरासरी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. पाऊस पडत असेल तर तसं लिहा. वर्षभर केलंत तर कुठल्याही अहवालापेक्षा भारी आकडे तुमच्याकडे असतील. विहिरीलाही दोरी टाका.

डंपरवाला
29 जून, सकाळी 7:45

केळीचा सोप दोनदा वाहून गेला, शेवटी पत्र्याची पन्हळ लावली. 9, 9, 10 सेकंद. पाऊस चालू. विहीर कठड्यापासून चार हात. पुढचा रविवार.